डावं इंजिन

१

बुडालेल्या इंजिनाला पाणी मारत नाही, हवा मारते. पाण्याखाली असतं तोवर ते बिचारं गप्प पडून असतं. बाहेर काढून वारा लागला की गंज धावत सुटतो. म्हणून अशी बोट शेडमध्ये आली की आम्ही दोघं जेवणखाण विसरतो. प्लग काढायचे, इंजिन फिरवून पोटातलं पाणी बाहेर फेकायचं, तेल उपसायचं, नवं भरायचं, फिरवायचं, परत उपसायचं. पहिलं तेल दाट दुधाच्या चहासारखं येतं. ते तेलासारखं दिसायला लागेपर्यंत दुसरं काही सुचू द्यायचं नाही.

आमचे हे इंजिनं आणि ड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा पंख्याचा पाय, बघतात, मी वीज. स्टार्टर, अल्टरनेटर, वायरी. लग्नाआधी मी मोटारींच्या एका दुकानात वायरिंग करायचे. तिथेच ह्यांनी मला पाहिलं. पाहिलं म्हणजे माझा हात पाहिला. एका इंजिनाच्या मागे, जिथे ह्यांचा पंजा शिरेना, तिथे मी हात घालून स्टार्टरचा खालचा बोल्ट काढून दिला होता. "असा हात घरात पाहिजे बुवा," म्हणाले, आणि लगेच पुढच्या आठवड्यात खरंच मागणी घातली. आईला वाटलं मुलगा चेष्टेखोर आहे. होताच. अजूनही आहेत. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे सगळी चेष्टा माझ्याच वाट्याला.

ही बोट एका दातांच्या डॉक्टरची. दवाखाना सोडून सगळीकडे तो पांढरी टोपी घालून हिंडायचा, म्हणून आम्ही आपसात त्याला कप्तान म्हणायचो. बोट धक्क्याला बांधलेली असताना मागच्या ड्राइव्हभोवतीचं रबर फाटलं आणि ती शेपटीकडून खाली बसली. नाक कोरडं, शेपूट पाण्यात. इंजिनं दोन. बोट एका अंगावर कलल्यामुळे उजवं अर्धंच भिजलं होतं, डावं मात्र पुरतं बुडालं होतं.

आमची पद्धत ठरलेली. एका वेळी एकच इंजिन घ्यायचं आणि दोघांनी मिळून उरकायचं. ह्या वेळी हे डाव्या खड्ड्यात उतरले, जरा वेळ आतच राहिले, आणि डोकं वर काढून म्हणाले, "तू उजवं घे ग. डावं मी बघतो."

"एकटे?"

"एकटा कसला? बघतो ना," म्हणाले आणि आत गेले.

२

त्या बोटीत दोन इंजिनांचे दोन वेगळे खड्डे होते. प्रत्येकाला वर जाड झाकण. मधे फायबरची भिंत, आणि तिला वायरींचा जुडगा जाण्यापुरतं एक भोक. मी उजव्या खड्ड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. समुद्राच्या पाण्याचा, पेट्रोलचा आणि भिजलेल्या फोमचा वास होता. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एवढं तापतं की घाम डोळ्यांत उतरतो. पण त्या खड्ड्यात गार होतं. मला बरंच वाटलं.

भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज येत होता. हळू, समजावल्यासारखा.

"हं... अस्सं. घाई नको. जरा डावीकडे. शाब्बास!"

मी हातातलं काम थांबवलं. "मला काही म्हणालात?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "नाही ग. इंजिनाशी बोलतोय."

इंजिनाशी हे नेहमीच बोलतात. पण ते बोलणं चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. एखादा बोल्ट अडला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. 'शाब्बास' मी त्यांच्या तोंडून फक्त एकदाच ऐकलं होतं. नवीन लग्न झाल्यावर त्यांनी मला तेलावरून इंजिनाचा आजार ओळखायला शिकवलं, तेव्हा. अगदी हाच सूर. मी तो विसरले होते. मला वाटलं होतं, तेही विसरले असतील.

चारच्या सुमाराला हे बाहेर आले. थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि दोन्ही कप घेऊन परत डाव्या खड्ड्यात उतरले. मला वाटलं, एक तिथे ठेवून दुसरा माझ्याकडे घेऊन येणार आणि वर काहीतरी वात्रट बोलणार. मी हात पुसून बसून राहिले. थोड्या वेळाने आतून हसू आलं, ह्यांचं. मग हे बाहेर आले. दोन्ही कप रिकामे.

"आणि माझा?"

"घेतलास की आत्ताच!" हे म्हणाले. गालातल्या गालात हसत कप विसळायला गेले.

मी पण हसले. काय करणार, चेष्टेची सवय. पण हसून झाल्यावर घशाला कोरड पडली. चहा मिळाला नव्हता म्हणून असेल.

३

"सवत आणलीय वाटतं इंजिनात," धाकटी बहीण फोनवर म्हणाली आणि खळखळून हसली. तिला सगळं सांगावं असं काही माझ्या मनात नव्हतं, पण पोटात राहत नव्हतं.

"हस तू."

"अगं, आमचे हे टीव्हीशी बोलतात. तुझे इंजिनाशी. वय झालं की बायकोशी बोलण्यासारखं उरतच नाही काही."

तिचं खरं होतं. मी शहाण्यासारखा विचार केला. पोकळ बोट, फायबरची भिंत, त्यात आवाज घुमतो. मी इकडे गुणगुणत असेन आणि तेच तिकडे जाऊन परत येत असेल. हे पाण्याची बाटली घेऊन गेले असतील, मी कप समजले असेन. असं स्वतःला सांगत मी दुसऱ्या दिवशी उजव्या इंजिनाचा स्टार्टर सोडवत होते, तेव्हा भोकातून शब्द आले.

"अरे, थांब ना."

बाईचा आवाज. लाडात आलेला.

मी ह्यांना लग्नापासून 'अहो' म्हणते. आमच्या वयाच्या कितीतरी जणी नवऱ्याला नावाने हाक मारतात, मला कधी जमलं नाही. एकदा हेच म्हणाले होते, "म्हण ग एकदा अरे, बघू कसं वाटतं." मी लाजून उठून गेले होते.

मी भोकाला डोळा लावला. ह्यांची पाठ दिसली. घामाने शर्ट चिकटलेला. त्यांच्या पलीकडे इंजिन. बाकी काही नाही. इंजिनाच्या मागे तर मांजरही बसणार नाही इतकीच जागा.

फोन असेल. स्पीकरवर कुणाशी तरी बोलत असतील. मी धडपडत वर आले. ह्यांचा फोन बाहेर बाकावर, चार्जरला लावलेला होता.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोण आहे ही, जी माझ्या नवऱ्याला अरे म्हणते?

४

संध्याकाळी हे डाव्या इंजिनाचा स्टार्टर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. समोर ठेवला. "बघ, आतून किती खाल्लाय ते."

मी स्टार्टर बघितला नाही. त्यांच्याकडे बघितलं. "खालचा बोल्ट कुणी काढला?"

"म्हणजे?"

"मागच्या अंगाचा, खालचा. तुमचा हात तिथे जात नाही. आजवर प्रत्येक वेळी मला हाक मारलीत."

हे माझ्याकडे बघत राहिले. चेष्टा करताना ह्यांच्या डाव्या गालाला खळी पडते. ती पडली नव्हती.

"तूच नाही का काढलास दुपारी?"

"मी उजवीकडे होते."

"अगं, माझ्या शेजारी बसून काढलास. पाना निसटला तर हसलीस केवढ्यांदा!" ते टेबलावर टेकले. आवाज उतरला. "आणि अरे म्हणालीस मला. इतक्या वर्षांनी. काय वाटलं सांगू? उगाच एवढी वर्षं वाया घालवली असं वाटलं."

माझ्या हातात ब्रश होता, तो मी स्टार्टरवर घासत राहिले. मनात म्हटलं, तापात आहेत. कपाळाला हात लावला तर गार, जरा ओलसर. ते डोळे मिटून उभे राहिले, लहान मुलासारखे. "तुझा हात आज गरम लागतोय," म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांना भाजी वाढताना प्रयत्न केला. "अरे, अजून घे ना." शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला माझीच लाज वाटली. हे जेवत होते. मान वर करून म्हणाले, "असं नको ग बळेच. तिथे किती सहज म्हणतेस."

ताट पुढे तसंच ठेवून मी उठले. कुणाचा राग राग करायचा हेच कळत नव्हतं. सवत तरी हाडामांसाची असावी. झिंज्या धरून ओढता येतात.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्राइव्हची बेअरिंगं आणायला बाजारात गेले. रबर फाटलं की पाणी आधी तिथली बेअरिंगं खातं. दुकानदार ओळखीचा, गप्पिष्ट, त्यामुळे यायला उशीर झाला. शेडच्या दारात कप्तान भेटला. टोपी काढून म्हणाला, "ताई, तुमचा शब्द म्हणजे शब्द हं. मी सुट्टी टाकून ठेवतो."

"कसला शब्द?"

"आत्ता बोटीतून म्हणालात ना, परवा पाण्यात सोडू म्हणून."

मी त्याला हातातली पिशवी दाखवली. "मी आत्ता येतेय बाजारातून."

तो आधी हसला. मग त्याने शेडकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "मग... आवाज तर तुमचाच होता. मी वरून विचारलं, आतून उत्तर आलं." त्याने टोपी घातली, परत काढली. "असो. परवा येतो मी," म्हणाला आणि तरातरा चालायला लागला.

म्हणजे ह्यांच्या डोक्यात बिघाड नव्हता. त्यापेक्षा तो असता तर बरं झालं असतं.

हे जेवायला बसले तेव्हा मी पहिल्यांदा डाव्या खड्ड्यात उतरले. भर दुपार, शेडचं दार सताड उघडं, बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आत मात्र आवाज पोचत नव्हता. कानांत पाणी गेल्यावर लागतं तसं सगळं दूर लागत होतं. मी टॉर्च लावला.

इंजिन झालेलं होतं. पुरतं. प्लग बसवलेले, नळ्या नव्या, काल माझ्या टेबलावर होता तो स्टार्टरही जागच्या जागी, तेलाच्या कांडीवर तेल सोन्यासारखं. आणि वायरिंग. वायरिंग माझं काम, मी त्याला हातही लावला नव्हता, आणि तेही झालेलं होतं. मी जशी वायर वळवते तशीच वळवलेली, जिथे गाठ मारते तिथेच गाठ. फक्त माझ्यापेक्षा नीट. माझ्या गाठींना शेवटी एक वेडं टोक राहतं, कितीही सांभाळलं तरी. इथे ते नव्हतं.

मी कात्री काढली आणि एकेक गाठ कापत सुटले. सगळ्या वायरी सुट्ट्या केल्या आणि घामाघूम होऊन माझ्या हाताने पुन्हा बांधल्या. माझ्या पद्धतीने, टोकं ठेवून. कुणी अडवलं नाही. फक्त शेवटची गाठ मारताना इंजिनाच्या मागून, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी हळूच सुस्कारा टाकला. आईने पोरीचं शिवण बघून टाकावा तसा.

मी वर कशी आले ते मला आठवत नाही.

जेवून हे खाली उतरले, आणि लगेच त्यांची हाक आली. "काय ग हे? काल किती सुबक बांधलं होतंस. आज कुठे लक्ष होतं तुझं?"

६

ठरल्या दिवशी बोट पाण्यात उतरली. मी सकाळपासून एकच गोष्ट मनात धरून होते. हे काम संपलं की बोट जाईल. बोट गेली की ती जाईल. ह्यांना मी म्हटलं, चाचणीला मी येणार.

"हे काय सांगायला हवं?" म्हणाले. "तुझ्याशिवाय कधी गेलोय?"

कप्तान धक्क्यावर थांबला. बरोबर यायला त्याने नकार दिला, दात दुखतोय म्हणाला. दातांचा डॉक्टर!

ऊन लख्ख होतं. दोन्ही इंजिनं पहिल्या किल्लीला सुरू झाली. उजवं माझं, त्यात थोडी घरघर होती. डावं नुसतं मांजरासारखं गुरगुरत होतं. खाडीच्या तोंडाशी पाणी शांत होतं, तिथे ह्यांनी वेग कमी केला. "चाक धर जरा," म्हणाले. "डाव्याच्या ड्राइव्हकडे पाणी येतंय का बघतो." झाकण उचलून ते आत उतरले. झाकण त्यांच्यामागे आपोआप मिटलं.

मी चाक धरून उभी राहिले. समोर किनारा, इमारती, वाळत घातलेले कपडे दिसत होते. पायाखाली दोन आवाज. एक ह्यांचा. दुसरा मी आता ओळखत होते. दोघं बोलत होते, एकमेकांचं वाक्य पुरं करत, जशी जुनी जोडपी बोलतात. आम्ही दोघं असं कधीपासून बोलत नव्हतो?

मग ह्यांचा आवाज जरा चढला. "अगं, चाक कुणी धरलंय? वर कोण आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

मी इंजिनं बंद केली. दोन्ही. एकदम इतकं शांत झालं की बोटीच्या अंगाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. "मी आहे!" मी ओरडले. "अहो, मी आहे वर!"

आतून ह्यांचं हसू आलं. "ऐकलंस? कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं."

"पाण्याचा आवाज असतो रे."

मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी झाकण ओढलं. आत ऊन पडलं. हे पाठमोरे उकिडवे बसले होते, मान तिरकी करून, कान पुढे करून. इंजिनाच्या मागून, त्या मांजराएवढ्या जागेतून, एक हात बाहेर आला होता. लहान. माझाच म्हणावा असा. कोपरापर्यंत निथळत होता. त्या हातात चिंधी होती, आणि तो ह्यांच्या कानामागचा तेलाचा डाग पुसत होता. हळू, लक्ष देऊन, आपल्या माणसाचा पुसतात तसा. कोपराच्या पलीकडे काय होतं ते मी बघणारच होते. पण त्याआधी ह्यांनी समाधानाने डोळे मिटले, आणि मला ते बघवेना. मी मान फिरवली.

तेवढ्यात पाणी हलल्याचा आवाज झाला. पुन्हा पाहिलं तेव्हा हे एकटेच वर येत होते.

चाकाशी येऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी प्रसन्न. "तुम्ही सांभाळलंत होय चाक? आभारी आहे हं."

७

चेष्टा. मी धक्क्यापर्यंत स्वतःला हेच बजावलं. एवढं ओरडले म्हणून मला चिडवतायत. मी पण बोलायचं नाही.

कप्तानने दोर पकडला, किल्ल्या घेतल्या, ह्यांचा हात हातात घेऊन दाबला. मी शेजारीच उभी होते. "ताईंना माझे आभार सांगा," तो ह्यांना म्हणाला. बोटीत पाऊल न ठेवता, बोट न्यायला बोलावलेल्या चालकाची वाट बघत तो टोपी फिरवत बसला.

हे स्कूटरपाशी गेले. मीही गेले. नेहमीसारखी मागे बसणार, तर हे संकोचून म्हणाले, "तुम्हाला कुठे सोडू का?"

"पुरे आता," मी म्हटलं. "घरी चला."

"कुठे राहता तुम्ही?"

खळी पडलेली नव्हती. मी गल्लीचं नाव सांगितलं. हसतील म्हणून वाट बघितली. हसले, पण गिऱ्हाइकाशी हसतात तसे. "अरे वा! आम्हीही तिथेच. बसा ना."

वाटेत ते इतके पुढे सरकून बसले होते की आमच्यामध्ये आणखी एक माणूस मावलं असतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. कानामागे डाग नव्हता. कातडी स्वच्छ, अजून ओली.

आमच्या दारात त्यांनी स्कूटर लावली. सकाळी कुलूप मी घातलं होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी पर्समध्ये हात घातला आणि मग दाराकडे बघितलं. कुलूप नव्हतं. दार लोटलेलं होतं. आत भांड्याचा आवाज झाला, चहाचं आधण ठेवताना होतो तसा.

"या ना, दोन मिनिटं," हे म्हणाले. "चहा घेऊन जा. बायकोशी ओळख करून देतो. तीही वायरिंगचंच काम करते."

पळून जायचं होतं तर ती वेळ होती. बहिणीकडे जाता आलं असतं, रस्त्यावर ओरडता आलं असतं. पण मला तिला बघायचं होतं. एकदा, उजेडात, समोरासमोर. काय आहे तिच्यात एवढं, ते बघायचं होतं. मी पायरी चढले.

"आलास?" आतून आवाज आला.

"आलो ग," हे म्हणाले. "बाहेर ये जरा, पाहुण्या आल्यात."

पावलं दाराकडे यायला लागली. ह्यांनी घाईघाईने केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट खोचला, आणि दाराकडे तोंड करून ताठ उभे राहिले. माझ्यासाठी त्यांनी असं कधी केलं होतं का, ते मी आठवत राहिले.